जुन्या गाडीचा पंखा आणि एसी : गॅरेजच्या दारात जाण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी आणि लग्नसराई आपल्याकडे बरोबरच येतात. मुंबई, मुंब्रा, भिवंडी, पुणे इथे राहणारी कुटुंबे कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात आपापल्या गावी निघतात. घरात माणसे आठ-दहा, त्यात म्हातारी दादी, तान्ही मुले, शिवाय वलीम्याचे सामान. म्हणूनच आपल्या कित्येक घरांत एखादी जुनी, मोठी गाडी जपून ठेवलेली दिसते. क्वालिस असेल, सुमो असेल, टवेरा असेल. पंधरा वर्षे झाली की आरटीओत फेरनोंदणी करायची आणि पुढची पाच वर्षे चालवायची. मागच्या सीटची घडी घालून गादी अंथरली की रात्रीचा मुक्कामही तिच्यातच होतो. परदेशात अशा राहत्या गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि तिच्यात पलंग, ओटा, कपाट असते. आपल्या गाडीत गादी, जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन आणि जानमाज असते. उन्हाळ्यातली अडचण मात्र दोन्हीकडे एकच : गाडी जुनी झाली की पंखा आणि एसी कुरकुरू लागतात.

मे महिन्यात दहा माणसांनी भरलेल्या गाडीत एसी ही चैन राहत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला, गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला उष्णतेचा त्रास लवकर होतो. म्हणून या यंत्रणेची निदान तोंडओळख घरातल्या दोघा-तिघांना असावी, असे आम्हांला वाटते. ती फक्त पुरुषांना असून भागणार नाही. दुरुस्ती मिस्त्रीच करील, पण बिघाड नेमका कुठे आहे हे सांगता आले तर वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि फसवणूकही टळते.

थंडावा येतो कुठून?

मातीच्या माठातले पाणी थंड का होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एसीतही तेच होते. फरक इतकाच, की माठाचे पाणी उडून जाते आणि एसीतला गॅस बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो. दाबलेला गॅस खूप गरम होतो. तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, तिथे बाहेरच्या हवेने निवतो आणि द्रव बनतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे दाब एकदम कमी होऊन त्याची वाफ होते आणि कॉइल गार पडते. डॅशबोर्डखालचा पंखा, ज्याला मिस्त्री ब्लोअर म्हणतात, त्या गार कॉइलवरून हवा आपल्यापर्यंत फेकतो. मोठ्या गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी आणखी एक कॉइल आणि आणखी एक ब्लोअर असतो.

म्हणजे हवा देणारा पंखा वेगळा आणि थंडी देणारी यंत्रणा वेगळी. तक्रार सांगताना ‘एसी चालत नाही’ एवढेच म्हणू नये. हवा येत नाही, की हवा येते पण गार नाही, हे आधी ठरवावे. अर्धे निदान तिथेच होते.

हवाच येत नसेल तर

किल्ली फिरवून ब्लोअर एकेका नंबरवर लावून पाहावा.

फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या नंबरवर पंखा फिरतो आणि बाकी नंबरांवर गप्प राहतो, असे असेल तर जुन्या पद्धतीच्या बटणाच्या गाड्यांत बहुतेक वेळा रेझिस्टर जळालेला असतो. लहान नंबरांवर वीज या रेझिस्टरमधून जाते, म्हणून पंखा हळू फिरतो. मोठ्या नंबरवर ती सरळ मोटारीला मिळते. हा भाग स्वस्त असतो. मात्र नवा रेझिस्टर थोड्याच दिवसांत पुन्हा जळाला तर दोष त्याचा नाही. मोटारीचे बुश सुकले असतील आणि ती जास्त वीज ओढत असेल, किंवा कचऱ्याने वाट अडून रेझिस्टरला थंड करणारी हवाच पोचत नसेल. अशा वेळी मोटार तपासल्याशिवाय तिसरा रेझिस्टर बसवू नये.

कोणत्याच नंबरवर पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. नंतर रिले, मग मोटारीचा जोड आणि अर्थची वायर. फ्यूज शाबूत असूनही मोटार गप्प असेल, तर ब्लोअरच्या डब्यावर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करावी. तेवढ्याने पंखा फिरू लागला तर मोटारीतले कार्बन झिजले आहेत असे समजावे. आजचा प्रवास कदाचित होऊन जाईल, पण मोटारीचे काम निघाले हे नक्की.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये. चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा तर मुळीच नाही. ब्लोअरची मोटार पूर्ण वेगात पंधरा अँपिअर ओढते असे धरले, तरी बारा व्होल्टला ती १८० वॅट होते. एवढी वीज जुन्या, कडक झालेल्या वायरमधून जात असते. फ्यूज हा त्या वायरचा पहारेकरी आहे. त्याला बाजूला केले की वायर तापते, आवरण वितळते आणि आग लागू शकते. गाडीत झोपलेली मुले असतील तर हा धोका कुणी पत्करावा?

पंख्याचा आवाज मोठा पण हवा मंद, असे असेल तर वाट अडलेली आहे. केबिन फिल्टर असलेल्या गाडीत तो काढून उन्हात धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदलावा. काही जुन्या गाड्यांत फिल्टर नसतोच. मग वर्षानुवर्षांची धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि ओल्या कॉइलवर तिचा चिखल होतो. गाडी झाडाखाली उभी करण्याची सवय असेल तर सुकी पाने ब्लोअरच्या पिंजऱ्यात शिरतात आणि खडखड ऐकू येते.

मागचा ब्लोअर बंद पडला तर त्याचा फ्यूज आणि स्विच वेगळे असतात, हे लक्षात ठेवावे. छतातून गेलेली वायर पत्र्याला घासून तुटलेलीही सापडते. पुढचे चालू आणि मागचे बंद असताना कुणी कॉम्प्रेसरला दोष देत असेल, तर त्याला नम्रपणे कारण विचारावे.

ज्यांच्याकडे साधा मल्टिमीटर आहे त्यांना एक तपासणी घरीच करता येते. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. बॅटरीवर आकडा ठीक आहे, पण ब्लोअर चालू असताना त्याच्या जोडावर नऊ-दहाच व्होल्ट दिसतात, तर मोटार बदलून उपयोग नाही. वाटेत कुठे तरी जोड गंजला आहे किंवा अर्थ सैल आहे. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत असे फार होते.

हवा येते, पण गार नाही

इंजिन चालू करावे, एसीचे बटण दाबावे आणि कान द्यावा. कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच लागताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. बॉनेट उघडून पाहिले तर कॉम्प्रेसरच्या पुढची मधली तबकडी पट्ट्याच्या चाकाबरोबर फिरताना दिसते. हे दुरूनच पाहावे. ओढणी, बुरख्याची बाही, गळ्यातला रुमाल फिरत्या पट्ट्याजवळ नेऊ नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तबकडी फिरत नसेल तर फ्यूज, रिले, थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच आणि क्लचची कॉइल, अशी क्रमाने तपासणी होते. यातला प्रेशर स्विच महत्त्वाचा. गॅस फार कमी झाला की तो कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही म्हणजे तेलही पोचत नाही. काही जण हा स्विच बाजूला करून वायर थेट जोडतात आणि ‘चालू झाला बघा’ म्हणतात. तो चालू होतो खरा, पण तेलाविना घासून लवकरच जाम होतो. मग शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

तबकडी फिरते आणि तरी हवा कोमट असेल, तर पुढच्या खुणा पाहाव्यात.

गाडी पळताना गार आणि कोंडीत उभी राहिली की गरम : कंडेन्सरचा पंखा पाहावा. पळत्या गाडीत वाऱ्यानेच कंडेन्सर निवतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते.

निघताना गार, तासाभराने हवा कमी-कमी होत बंद, आणि थोडा वेळ थांबून निघाले की पुन्हा गार : कॉइलवर बर्फ धरतो आहे. थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर काम करत नसेल तर असे होते. तात्पुरता उपाय म्हणजे एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवणे.

पायाशी पाणी साचते : कॉइलवरचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. गाडीखाली पाणी ठिबकते ते मात्र चांगले लक्षण आहे, त्याची चिंता नको.

सगळे ठीक, तरी गरम वारा मिसळतो : हीटरचा कॉक किंवा झडप नीट बंद होत नसेल.

इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला तर एसी लगेच बंद करून गाडी बाजूला घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी उसळून चेहरा भाजतो.

एक उदाहरण

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाची आठ आसनी गाडी मागच्या उन्हाळ्यात निकाहासाठी मुंब्र्याहून चिपळूणला निघाली. पनवेलपर्यंत, पुढे पेणपर्यंत गाडी मस्त गार होती. माणगावच्या कोंडीत अडकली आणि हवा गरम झाली. गाडीत सत्तरी ओलांडलेली खाला आणि सहा महिन्यांचे बाळ होते. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, कॉम्प्रेसरला हात लावला आणि सांगितले, ‘कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल.’ रक्कम ऐकून सगळे गप्प झाले. लग्नाच्या खर्चात एवढा पैसा आणायचा कुठून? काचा उघडून, ओले रुमाल डोक्यावर ठेवून ते कसेबसे चिपळूणला पोचले. घाटातून गाडी पळू लागली तेव्हा एसी पुन्हा गार झाला होता, ही गोष्ट मात्र गाडीतल्या पोरीने ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वयस्कर मिस्त्रीला तिने तेवढेच सांगितले : ‘चाचा, पळताना गार होते, थांबल्यावर नाही.’ त्याने कंडेन्सरच्या पंख्याला बॅटरीवरून सरळ वायर लावली. पंखा फिरला, म्हणजे मोटार चांगली. मग रिले बदलला आणि काम संपले. अशा गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिनावर वेगळा फिरतो, म्हणून इंजिन तापले नव्हते आणि कंडेन्सरच्या पंख्यावर कुणाची नजर गेली नव्हती. कॉम्प्रेसर गेलाच असता तर पळत्या गाडीतही हवा गार झाली नसती. एका वाक्याच्या नीट निरीक्षणाने एका घराचे हजारो रुपये वाचले.

‘गॅस संपला’ म्हणजे काय?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला आहे. रबरी नळ्या आणि ओ-रिंगमधून वर्षानुवर्षे थोडा पाझर होतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आपल्या दीनमध्ये पाण्याच्या बाबतीतही इस्राफ म्हणजे उधळपट्टी नापसंत केली आहे. मग दरवर्षी हवेत सोडलेल्या या पैशाचे काय?

गळतीची खूण ओळखता येते. जिथून गॅस निसटतो तिथे तेलही येते आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांच्या जोडावर तेलकट काळा डाग दिसला तर तो मिस्त्रीला दाखवावा. चांगला मिस्त्री नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधतो, ओ-रिंग बदलतो, यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर बदलतो, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढतो आणि शेवटी वजन करून गॅस भरतो. किती ग्रॅम भरायचा हे बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. जास्त गॅस भरला म्हणजे जास्त थंडावा मिळतो, ही समजूत चुकीची आहे. जास्त गॅसने दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो.

गॅस कोणता, हेही विचारावे. नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांत आर-१२ होता. ओझोनच्या थराला त्याने इजा होते, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. दोन्हींची तेले वेगळी असतात, म्हणून एकावर दुसरा भरू नये. कुठे स्वयंपाकाच्या गॅससारखा जळाऊ गॅस स्वस्तात भरून देतात. त्याला ठाम नकार द्यावा. कॉइल फुटली तर तो गॅस थेट माणसे बसलेल्या जागेत येतो.

गाडीत रात्र काढताना

इज्तेमाला, उरुसाला किंवा लांबच्या लग्नाला गेल्यावर गाडीतच झोपण्याची वेळ येते. त्या वेळी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून एसीत झोपू नये. सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला असेल, मागच्या दाराचे रबर गेले असेल किंवा गाडी भिंतीला खेटून उभी असेल तर तो आत शिरतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

गाडीचा ब्लोअर रात्रभर चालवू नये. मधल्या नंबरवर तो आठ अँपिअर घेतो असे धरले तर साठ अँपिअर-तासांची नवी बॅटरीही साडेसात तासांत रिकामी होईल, आणि सकाळी गाडी सुरू व्हायला हवी असेल तर तिच्या निम्म्यापर्यंतच जाता येते. त्यापेक्षा एक-दोन अँपिअर घेणारा बारा व्होल्टचा छोटा पंखा बसवावा. त्याची वायर वेगळी असावी आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा. समोरासमोरच्या दोन काचा चार बोटे उघड्या ठेवून मच्छरदाणीचे कापड लावले तर वारा खेळतो.

मुलांना बंद गाडीत ‘दोन मिनिटे’ही सोडू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते. मशिदीसमोर गाडी लावून नमाजला जाताना झोपलेले बाळ आत राहिले नाही ना, हे मागचे दार उघडून पाहावे. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नये, ते थंड पिशवीत असावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर

लक्षणे क्रमाने सांगावीत : कधी गार, कधी गरम, कोणत्या नंबरवर, उभी असताना की पळताना. कोणता भाग का बदलायचा, ते विचारावे. खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा. यात भांडण नाही, हिशेब आहे, आणि लेखी हिशेबाची शिकवण आपल्याला आहेच.

एक गोष्ट आपल्या बाजूचीही आहे. दोन तास घाम गाळून दोष शोधणाऱ्या मिस्त्रीला ‘भाग तर शंभरचाच होता’ म्हणत मजुरी कापणे हा जुलूम आहे. त्याने शंभरचा भाग शोधला म्हणून आपले हजारो वाचले. भाग स्वस्त असला तरी ज्ञान स्वस्त नसते. गाडी ही आपण त्याच्या हाती दिलेली अमानत आहे आणि त्याची मजुरी ही आपल्याकडची अमानत आहे. दोघांनीही ती जपावी.

आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम शिकतात. त्यांचे हात तयार असतात, पण कागद नसतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर काय, असा प्रश्न घरात असेल तर त्याचा विचार जरूर करावा, मुलींसाठीही. ज्या मुलीला गाडी कधी गार आणि कधी गरम होते हे टिपता येते, तिला मल्टिमीटरही धरता येईल.

उन्हाळा सुरू होण्याआधी, मार्चमध्येच, एक सकाळ काढावी. कंडेन्सरची जाळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी, फार जोराने नाही, नाही तर तिची पाती वाकतात. पट्ट्याला चिरा आहेत का ते पाहावे. पुढचा, मागचा आणि कंडेन्सरचा असे तिन्ही पंखे फिरवून पाहावेत. एवढे करून मग सफरची दुआ पढावी आणि निघावे. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखाचा करो. आमीन.